दुर्बिणीच्या ऑपरेशनात आतड्याला ऑक्सिजन पोचतोय का, हे कॅमेऱ्यात खरंच दिसतं का?

निपाणीहून वडिलांना मोठ्या आतड्याची गाठ काढायला बेळगावला आणताय, डॉक्टर म्हणाले 'हिरवं औषध टोचून ऑक्सिजन बघू', आणि तुम्ही धास्तावलाय. मी बेळगावातच नऊ वर्षं ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. आधी एक गैरसमज दूर करते: त्या औषधानं ऑक्सिजन दिसत नाही, रक्त पोचलेलं दिसतं.

गाठ काढली की आतड्याची दोन टोकं जोडतात. टोकाला रक्त कमी पडलं तर सांधा काही दिवसांनी गळू शकतो. आम्हाला सगळ्यात जास्त भीती त्याचीच. पोट उघडलं असेल तर सर्जन आतडं हातात घेतात, नाडी चाचपतात. दुर्बिणीत ते होत नाही, आणि स्क्रीनवरचा गुलाबी रंग कॅमेऱ्याच्या सेटिंगनंही बदलतो.

औषधाचं नाव इंडोसायनिन ग्रीन. २५ मिलिग्रॅमची कुपी मी निर्जंतुक पाण्यात विरघळवते, सलाइनमध्ये नाही. शिरेतून दिलं की कॅमेरा इन्फ्रारेडवर घेतात आणि मिनिटभरात आतडं हिरवं उजळत जातं. एका आजोबांच्या वेळी टोकाकडचं दोन बोटं आतडं काळंच राहिलं. साध्या उजेडात ते मला बाकीच्यासारखंच गुलाबी दिसलं होतं! सरांनी कापायची खूण तेवढी मागं घेतली.

मात्र वेळ सांभाळावी लागते. उसाच्या सरीत पाणी पाटानं आलं की शेजारून पाझरलं, हे नंतर ओल बघून कळत नाही. तसंच काही मिनिटांनी कमी रक्ताचा भागही हिरवा दिसू लागतो.

ऑक्सिजन मोजणारा कॅमेरा वेगळा, त्याला हायपरस्पेक्ट्रल म्हणतात. तत्त्व बोटाच्या ऑक्सिमीटरचंच: ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन प्रकाश वेगवेगळा शोषतं. ऑक्सिमीटर ६६० आणि ९४० नॅनोमीटर अशा दोनच तरंगलांबी वापरतो, हा कॅमेरा कितीतरी जास्त, आणि स्क्रीनवर आतड्याचा रंगीत नकाशा काढतो. काही टोचावं लागत नाही, कितीही वेळा बघता येतं. पण श्वासाबरोबर आतडं हलतं, तिथं चित्र बिघडू शकतं. आमच्या ओटीत तो नाही.

हिरव्या औषधाचा उपयोग किती? २०२१च्या अमेरिकेतल्या चाचणीत गळतीत फरक पडला नाही. २०२३च्या जपानी चाचणीत, गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये, गळती ११.८ टक्क्यांवरून ७.६वर आली. माझ्या वडिलांचं ऑपरेशन असतं तर मी हो म्हटलं असतं.

वडिलांना आयोडीनची किंवा कुठल्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा. औषध यकृतातून पित्तावाटे बाहेर पडतं, त्यामुळं काविळीचा त्रास होऊन गेला असेल तर तोही सांगा. संमतीपत्र बहुतेक कन्नड-इंग्रजीत असेल. सही करण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरना म्हणा, 'ताई, मराठीत वाचून दाखवा.' आम्ही दाखवतो.