व्हायरसला लिव्हरचा पत्ता कोण देतं?

प्रश्न: मी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करतेय. आमच्या मॅडम म्हणाल्या की जीन थेरपीतला, म्हणजे नवा जीन पेशीत नेऊन सोडणारा, अ‍ॅडेनोव्हायरस रक्तात सोडला की बराचसा लिव्हरमध्येच जातो, आणि त्याला तिथे रक्त गोठवणारं प्रोटीनच नेऊन पोचवतं. हे कसं काय? माझ्या मावसभावाला हिमोफिलिया बी आहे, त्याने उद्या जीन थेरपी घेतली तर यात काही घोळ होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: मॅडम बरोबर सांगतायत. आधी सगळ्यांना वाटायचं की अ‍ॅडेनो टाइप ५ च्या अंगावरचे जे लांब काटे असतात ते पेशीवरच्या कार नावाच्या रिसेप्टरला चिकटतात आणि झालं काम, कारण लॅबच्या प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींत तसंच दिसत होतं. पण उंदराच्या रक्तात सोडल्यावर हिशोब जुळेना, कारला चिकटणं बंद केलं तरी व्हायरस लिव्हरमध्ये हजर! २००८ मध्ये उलगडा झाला. काटे राहिले बाजूला, व्हायरसच्या कवचातलं हेक्सॉन हे प्रोटीन रक्तातल्या फॅक्टर टेनला, म्हणजे मॅडमच्या त्या रक्त गोठवणाऱ्या प्रोटीनला, धरतं, आणि त्या फॅक्टरचं दुसरं टोक लिव्हरच्या पेशींवरच्या हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या साखळ्यांना चिकटतं, म्हणजे फॅक्टर टेन मधला पूल झाला.

फॅक्टर टेनचं जे टोक व्हायरसला लागतं ते नीट बनायला व्हिटॅमिन के लागतं. म्हणून उंदरांना आधी वॉरफरिन, म्हणजे आपल्याकडे हार्टचा व्हॉल्व्ह बदललेल्यांना देतात तीच रक्त पातळ करायची गोळी, दिली की लिव्हरमध्ये जाणारा व्हायरस एकदम कमी होतो. मला तरी हा प्रयोग फार आवडतो, किती साधा आहे बघा.

पण २०१३ मध्ये अजून एक गंमत कळली, ज्या उंदरांत अँटिबॉडीच नव्हत्या त्यांच्यात फॅक्टर टेनशिवायही व्हायरस लिव्हरमध्ये पोचला. म्हणजे फॅक्टर टेन नुसता पूल नाही, तो व्हायरसभोवती बसून अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट (रक्तातली जंतू मारणारी प्रोटीन्स) यांच्यापासून त्याला वाचवतो पण, आपलंच प्रोटीन आणि राखण परक्याची!

आता तुमच्या भावाचं. हिमोफिलियाच्या जीन थेरपीत एएव्ही, म्हणजे अ‍ॅडेनो-असोसिएटेड व्हायरस, वापरतात. लांबलचक नावात अ‍ॅडेनो आहे म्हणून गोंधळ होतो, पण तो वेगळाच छोटा व्हायरस आहे, त्यामुळे ही हेक्सॉनची भानगड त्याला लागू नाही. शिवाय भावात कमी आहे तो फॅक्टर नाइन, टेन नाही. त्याचे डॉक्टर आधी बघतील ते एएव्हीविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत का आणि लिव्हर ठणठणीत आहे का. आणि वॉरफरिनचा किस्सा वर्गात जरूर सांगा, पण ती गोळी भावासाठी नाही, त्याचं रक्त आधीच गोठायला कुरकुर करतंय.