सत्कार आटोपते घ्या, माणसांना बोलू द्या

गेल्या अंकात आमच्या इतिहास मंडळाच्या रविवारच्या बैठकीबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरीच पत्रं आली, आणि त्यांतली बहुतेक मुंबईतल्या छोट्या मंडळांच्या कार्यकर्त्यांची आहेत. माझी नोकरी परळच्या शाळेत इतिहास शिकवण्यात गेली आणि निवृत्तीनंतर मी मंडळाचं काम बघते. त्या अनुभवावरून काही प्रश्नांना उत्तरं देते आहे.

आम्ही काही जणांनी मिळून स्थानिक इतिहासाचं मंडळ काढलं आहे. दर महिन्याला व्याख्यान ठेवतो. वक्ते चांगले मिळतात, पण समोर नेहमीचेच ज्येष्ठ नागरिक. तरुण येत नाहीत, बायका तर जवळजवळ नाहीतच. सोबत कार्यक्रमपत्रिका पाठवत आहे. काय चुकतंय?
— एक कार्यवाह, लालबाग

पत्रिका वाचली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, तीन मान्यवरांची मनोगतं, मग व्याख्यान आणि शेवटी आभार. सहाची वेळ दिलेली असली तरी वक्ता माइकपाशी येईपर्यंत सव्वासात वाजणार. जिला घरी जाऊन कुकर लावायचा आहे ती बाई तोवर उठून गेलेली असते. म्हणून आधी सत्कार आटोपते घ्या. एक फूल द्या, दोन वाक्यांत परिचय करून द्या आणि पाचव्या मिनिटाला विषयाला हात घाला. शाली आणि हारांचे पैसे वाचतील, त्यांतून वस्तीचा जुना नकाशा मोठा छापून घ्या आणि भिंतीवर लावा. लोक आल्या आल्या त्यापुढे उभे राहतात, आपली गल्ली शोधतात आणि कार्यक्रम सुरू होण्याआधीच बोलायला लागतात.

बायका का येत नाहीत, याचं कारण तुमच्या विषयांत आहे. सहा महिन्यांत तुम्ही दोन वेळा शिवकाल घेतलात, एकदा पेशवाई, एकदा गडकोट. हे विषय मोठे आहेत, पण त्यांत लालबागच्या बाईला स्वतःचं सांगण्यासारखं काही नाही. तिला खानावळ माहीत आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार बायको-मुलांना गावी ठेवून इथे एका खोलीत पाळीपाळीने झोपायचा आणि जेवायला खानावळीत जायचा. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांनी गिरणगाव जेवू घातलं. अशा एखाद्या बाईची सून अजूनही तुमच्याच गल्लीत राहत असेल. तिला बोलवा. व्यासपीठावर नको, खुर्च्या गोलात मांडा आणि त्यातल्याच एका खुर्चीवर तिला बसवा. उधारी कशी लिहायची, पगाराच्या दिवशी वसुली कशी व्हायची, रात्रपाळीवाल्याचा डबा कोण पोचवायचं, एवढंच विचारा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. त्या संपातली पुरुषांची भाषणं पुष्कळ छापली गेली आहेत. त्या दिवसांत घर कसं चाललं, दागिना कोणी कुठे गहाण टाकला, भाजीची टोपली घेऊन पहिल्यांदा कोण बसलं, हे मात्र घराघरांतच राहिलं. ते ऐकायला तिच्या शेजारणी येतील, आणि आजीला घेऊन नातवंडंही येतील.

वार रविवारच ठेवा, पण सकाळी दहाची वेळ घ्या. तारीख पक्की करण्याआधी मेगाब्लॉक बघा, नाहीतर डोंबिवली-कल्याणला राहायला गेलेली तुमची जुनी माणसं इच्छा असूनही पोचणार नाहीत. (रविवारची सुट्टीसुद्धा गिरणगावाने मिळवलेली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० पासून रविवार सुट्टीचा झाला. १० जूनच्या आसपासचा कार्यक्रम याच विषयावर करा.)

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्गावर बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी उभ्या राहिल्या, एकूण २०७. त्या पाडून आता टॉवर होत आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीत काढलेल्या आयुष्यानंतर लोकांना मोठी घरं मिळत आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण मजल्यावरचा सामाईक नळ, जिन्याखालची जागा, गच्चीवरचा कॅरम आणि मधल्या पटांगणातली भजनं यांची नोंद लोक त्या जागेवर उभे असतानाच होऊ शकते. तुमच्या जवळपासची अशी एखादी चाळ रिकामी होणार असेल, तर पुढच्या तीन महिन्यांची व्याख्यानं रद्द करा आणि तिथल्या पटांगणात बसा. हॉलचं भाडंही वाचेल. गणपतीत मंडळाच्या मांडवात एक संध्याकाळ मागून घ्या. मांडवात व्याख्यानं व्हायची रीत आपल्याकडे जुनीच आहे, आणि लालबागला त्या दहा दिवसांत माणसं गोळा करावी लागत नाहीत.

आमच्या कार्यक्रमात हमखास भांडण होतं. 'पहिला सार्वजनिक गणपती आमच्या वाडीचा', 'टिळक आमच्या गॅलरीत उभे राहिले होते', असं कोणी तरी उठून सांगतं आणि दुसरं कोणी तरी ते खोडून काढतं. आवाज चढतात. अध्यक्षांनी काय करावं?
— एक वाचक, गिरगाव

भांडण होतंय म्हणजे लोकांना त्या गोष्टीचं काही तरी वाटतंय. ते मोडून काढू नका, त्याला वळण द्या.

आमच्याकडे एक जाड वही आहे. बोलणाऱ्याचं बोलणं संपलं की अध्यक्ष एकच प्रश्न विचारतात, 'कशावरून?' उत्तर ऐकून वहीच्या तीन रकान्यांपैकी एकात नोंद होते: पाहिलेलं, ऐकलेलं, वाचलेलं. बोलणाऱ्याचं नाव, वय, चाळ आणि सांगितल्याची तारीख समोर लिहिली जाते, आणि नोंद त्यांना वाचून दाखवून खाली त्यांची सही घेतली जाते. सहीची वेळ आली की माणूस आपोआप सावधपणे बोलतो. 'टिळक आले होते' याचं 'टिळक आले होते असं माझे आजोबा सांगायचे' होतं. इथे कोणाचाही अपमान झालेला नसतो आणि नोंदही खरी झालेली असते.

१४ एप्रिल १९४४ चंच उदाहरण घ्या. मुंबई बंदरातल्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले. जहाजावर कापूस होता, दारूगोळा होता आणि सोन्याच्या विटाही होत्या. त्यांतल्या काही खरोखरच दूरवर जाऊन पडल्या. मशीद बंदर, डोंगरी, माझगाव, कुठेही कार्यक्रम घ्या, 'आमच्या चाळीत सोन्याची वीट पडली होती' असं सांगणारं कोणी ना कोणी भेटतंच. एवढ्या चाळींत विटा पडणं शक्य नाही. तरीही आम्ही प्रत्येक वीट लिहून घेतो, 'ऐकलेलं' या रकान्यात. त्या विटेच्या मागोमाग माणसं धुराबद्दल सांगतात, फुटलेल्या काचांबद्दल सांगतात, घर सोडून कुठल्या नातेवाइकाकडे गेलो ते सांगतात, आणि ते पुष्कळदा स्वतः पाहिलेलं असतं. त्या आगीत अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. तुमच्या भागात अग्निशमन केंद्र असेल तर त्या आठवड्यात तिथल्या जवानांना कार्यक्रमाला अगत्याने बोलवा.

तुमच्या गणपतीच्या वादापुरतं सांगायचं तर गिरगावातल्याच केशवजी नाईक चाळीचा उत्सव १८९३ पासूनचा आहे. त्याहून जुना दावा कोणी करत असेल तर त्यांनी त्या काळचं वर्तमानपत्र, पावती किंवा हिशेबाची वही आणावी. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात जुनी नियतकालिकं बघता येतात. वाडीतल्या दोन कॉलेजच्या मुलांना हे काम सोपवा आणि पुढच्या बैठकीत त्यांनाच बोलू द्या. तरुण येत नाहीत, ही वरच्या लालबागच्या पत्रातली तक्रारही अशाने कमी होईल.

वडिलांचा गिरणीतला बिल्ला, बदली कार्ड, पगाराची पाकिटं आणि आजोबांचे मोडीतले काही कागद घरात आहेत. स्थानिक मंडळ प्रदर्शनासाठी मागतंय. द्यावेत का? खराब झाले तर?
— एक वाचक, करी रोड

द्या, पण मूळ कागद भिंतीवर लावायला देऊ नका. आधी स्कॅन करून घ्या. मोबाइलचा फोटो घाईच्या वेळी ठीक आहे, पण हे काम एकदाच करायचं असतं, तेव्हा ६०० डीपीआयचा स्कॅन घ्यावा. भिंतीवर त्याच्या प्रती लागू द्यात. मूळ वस्तू बैठकीच्या वेळेपुरत्या टेबलावर, स्वच्छ पांढऱ्या सुती कापडावर ठेवायच्या आणि शेजारी घरचं माणूस बसवायचं. त्या टेबलावर चहा नाही, पाण्याची बाटली नाही, पेनही नाही. लिहायचंच तर पेन्सिलने.

लॅमिनेशन अजिबात करू नका. टिकून राहील म्हणून लोक प्रेमाने करतात, पण त्या उष्णतेने आणि प्लॅस्टिकने कागद कायमचा अडकतो, पुढे सोडवता येत नाही. सेलोटेपचंही तेच. काही वर्षांनी टेप सुटून पडते आणि तिचा पिवळा डाग अक्षरांवर राहतो. पगाराच्या पाकिटांना टाचणी किंवा स्टेपल असेल तर आजच हलक्या हाताने काढा. मुंबईच्या दमट हवेत ती गंजते आणि कागदाला भोक पाडते. फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर तेही बाहेर काढायला हवेत, मात्र जो निघत नाही तो ओढू नका, तसाच स्कॅन करा. फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलने नावं लिहून ठेवा. घरातलं सगळ्यांत वयस्कर माणूस समोर बसवून लिहा, आणि हे काम लांबणीवर टाकू नका.

मंडळाकडून पावती घ्या. वस्तूंची यादी, प्रत्येकीची सध्याची अवस्था, परत करण्याची तारीख आणि दोघांच्या सह्या. 'आपलीच माणसं आहेत, पावती कशाला' असं कोणी म्हणालं तरी घ्या. आपलीच माणसं असतात म्हणूनच पुढे हरवलेली वस्तू मागताना तोंड उघडत नाही.

मोडी कागदांत जमिनीचा व्यवहार असेल, देणं-घेणं असेल, घरगुती पत्रही असेल. वाचून घेतल्याशिवाय चारचौघांत मांडू नका. फोर्टमध्ये एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, १८२१ पासूनचं. पुराभिलेख खातं मोडीचे वर्गही घेतं. तुमच्या मंडळातल्या एखाद्या हौशी माणसाने मोडी शिकून घेतली, तर साऱ्या वस्तीचे कागद बोलते होतील.

जोगेश्वरीच्या लेण्यांत आम्हाला भक्तिगीतांचा कार्यक्रम करायचा आहे. तिथल्या तिथे जमेल का?
— एक कार्यकर्ती, जोगेश्वरी पूर्व

परवानगीशिवाय नाही. लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. तिथे सभा, गाणं-बजावणं यांसाठी खात्याची लेखी परवानगी लागते. आत देवीची पूजा चालू असते, तिचा मान वेगळा, जाहीर कार्यक्रम वेगळा. माझं मत विचाराल तर परवानगी मिळाली तरी स्पीकर आत नेऊ नका. सकाळी लवकर लोकांना घेऊन लेणी शांतपणे दाखवा. दीड हजार वर्षांपूर्वी कोरलेला तो मंडप डोळ्यांना सवय झाली की हळूहळू उलगडतो, म्हणून आत गेल्यावर थोडा वेळ कोणी बोलायचं नाही असं ठरवा. गाणी नंतर जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये घ्या.

१ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीनिमित्त त्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम करणार आहोत. कॉपीराइटची अडचण येईल असं कोणी म्हणालं.
— एक शाहीर, घाटकोपर

अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ ला गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०२९ संपेपर्यंत त्यांच्या लेखनावर तो आहे. पण १९५७ च्या त्याच कायद्यात हौशी मंडळांना सवलत आहे: प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेलं सादरीकरण हे हक्काचं उल्लंघन ठरत नाही. तेव्हा तिकीट लावू नका आणि खुशाल गा. चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकायचं असेल तर ते या सवलतीत धरू नका, आधी हक्कदारांकडून लेखी संमती घ्या. उघड्यावर लाउडस्पीकर लावणार असाल तर पोलिसांची परवानगी काढा आणि रात्री दहाच्या आत संपवा. एक विनंती आहे. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ राहिले, तिथली जुनी माणसं शोधा आणि दोन गाण्यांच्या मध्ये त्यांना बोलतं करा.

आम्ही नालासोपाऱ्याला राहतो. आजोबांना इतिहासाची फार आवड आहे. मुंबईत अशी व्याख्यानं ऐकायला कुठे जावं?
— एक वाचक, नालासोपारा

सुरुवात एशियाटिक सोसायटीपासून करा. संस्था १८०४ ची, टाउन हॉलची इमारत १८३३ ची. तिथल्या दरबार हॉलमध्ये व्याख्यानं होतात. तुमच्यासाठी तर तिथे खास कारण आहे: पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरला, त्यात सापडलेला करंडक (अवशेष ठेवायची डबी) आणि अवशेष याच संस्थेकडे आहेत. तुमच्याच गावचा ठेवा. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय आणि दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय इथल्या कार्यक्रमांवरही लक्ष ठेवा. निघण्याआधी फोन करून कार्यक्रम आहे ना, सर्वांना प्रवेश आहे ना, हे विचारून घ्या. टाउन हॉलच्या पुढच्या बाजूला तीस पायऱ्या आहेत. आजोबांचे गुडघे दुखत असतील तर दुसरा रस्ता आहे का, हेही त्याच फोनवर विचारा. चर्चगेटला उतरून टॅक्सी करा, आणि परतीला संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये त्यांना चढवू नका, गर्दी ओसरेपर्यंत हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसा.