अमेरिकेहून आलेला 60 वर्षं जुना झेनिथ टीव्ही मुंबईत चालेल का?

चालेल की. तुम्ही विचारलंय की काकांचा 1960 च्या दशकातला व्हॉल्व्हवाला ब्लॅक अँड व्हाइट झेनिथ आता दादरच्या घरी आलाय, 110 चा स्टेपडाउन (230 व्होल्ट कमी करून 110 देणारा ट्रान्सफॉर्मर) लावून तो सेटटॉप बॉक्सला जोडता येईल का, का आतलं सर्किट पाल (PAL, आपल्याकडची टीव्ही सिग्नलची पद्धत) करून घ्यावं लागेल. तर आधी सर्किटचं सांगतो, ते कोणालाही बदलू देऊ नका. पूर्वी इथले मेकॅनिक बाहेरचे सेट बदलून द्यायचे कारण इलाजच नव्हता, 1972 ला मुंबईत दूरदर्शन आलं ते 625 रेषांचं आणि सेकंदाला 50 फील्डचं (फील्ड म्हणजे अर्धं चित्र), अमेरिकेत 525 आणि 60, शिवाय आवाज वाहून नेणारी लहर (कॅरियर) चित्राच्या लहरीपासून आपल्याकडे 5.5 मेगाहर्ट्झ लांब आणि त्यांच्याकडे 4.5, म्हणजे व्ही होल्ड (वरखाली पळणारं चित्र थांबवायचा नॉब) फिरवून चित्र कसंबसं थांबवलं तरी आवाज यायचा नाही. आता ते जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपणच राहिलं नाही, मुंबईची केबलही 2012 ला डिजिटल झाली. त्यामुळे टीव्हीला मिळणारा सिग्नल तुमच्या टेबलावरच्या डब्यातूनच निघणार आहे, मग तोच एनटीएससी (NTSC, अमेरिकेची पद्धत) करून द्यायचा, सेटला हात कशाला लावायचा?

पण खरी काळजी वेगळीच आहे आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीये म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मर नसायचाच, लाइनची एक वायर थेट चासीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला. त्यात बाजारात मिळणारा साधा स्टेपडाउन बहुतेक वेळा एकाच वाइंडिंगचा (तारेच्या गुंडाळीचा) असतो, त्याची इनपुट आणि आउटपुटची एक वायर कॉमन असते. प्लग उलटा बसला आणि फेज त्या कॉमन बाजूला आली तर आउटपुटला मीटर 110 च दाखवतो पण चासी जमिनीच्या हिशोबाने 230 वर बसलेली असू शकते!! नॉबचं प्लॅस्टिक निघालेलं असलं, कोणी उघड्या दांड्याला हात लावला, खाली ओली फरशी असली, तर जीव जाऊ शकतो. म्हणून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच हवा, दोन वेगळ्या वाइंडिंगचा, 230 टू 110, 500 व्हीए घ्या म्हणजे गरम होणार नाही. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारा, तयार नसेल तर ऑर्डर देऊन बनवून घ्या. घेताना दुकानातच मल्टिमीटरने इनपुटची पिन आणि आउटपुट यांच्यात कंटिन्युइटी बघायची, बीप आला तर तो घ्यायचा नाही, दुकानदार काहीही म्हणू दे.

इतकी वर्षं बंद असलेला सेट थेट लावू नका. आतले कंडेन्सर सुकलेले किंवा लीक झालेले असणार. आधी ट्रान्सफॉर्मरच्या 230 च्या बाजूला 100 वॉटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून बघा, सुरुवातीला जोरात पेटून मंद झाला तर ठीक, तसाच पूर्ण पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तिथेच थांबायचं. आणि मागचं झाकण स्वतः उघडू नका, पिक्चर ट्यूबमध्ये सेट बंद केल्यावरही चार्ज राहतो, हे काम व्हॉल्व्हचे सेट हाताळलेल्या मेकॅनिकचंच. पावसाळ्यात तर सुरूच करू नका असं माझं मत, दमट हवेत धूळ बसलेल्या ईएचटीजवळ (पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट देणाऱ्या भागाजवळ) स्पार्किंग होतं.

सिग्नलचं सोपं आहे. सेटटॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये पाल आणि एनटीएससी असा ऑप्शन असतो बऱ्याचदा, तो एनटीएससी करा, नसेल तर एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर घ्या, त्यावर छोटं बटण असतं. मग एव्हीपासून पुढे आरएफ मॉड्युलेटर (एव्ही सिग्नल अँटेनाच्या चॅनलवर टाकणारा डबा), कारण या सेटला एव्ही सॉकेट नसणार. मॉड्युलेटर मात्र 4.5 चा आवाज देणारा, अमेरिकन चॅनल 3 किंवा 4 वाला बघा, इथे सहज मिळतात ते 5.5 चे, त्यावर चित्र येईल आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. मागे दोन स्क्रू असतील त्यांना 75 टू 300 ओहमचा बॅलन (balun, गोल केबल दोन स्क्रूंना जुळवणारा छोटा जोड) लावायचा.

एवढं करूनही चित्र हलकंसं लहरताना दिसेल, ते आपल्या 50 हर्ट्झच्या लाइटमुळे, कंडेन्सर नवे टाकले की बरंच कमी होतं.

(कोणी इंग्लंडचा जुना सेट घेत असेल तर त्यांच्यासाठी, व्होल्टेज जुळतं म्हणून खूश होऊ नका, 405 रेषांचा असेल तर वेगळा स्टँडर्ड कन्व्हर्टर लागतो आणि तो महाग पडतो.)

मागच्या स्टिकरवरचा मॉडेल आणि चासी नंबर इथे टाका, या सेटचे सर्किट डायग्राम सॅम्स फोटोफॅक्टमध्ये (जुन्या अमेरिकन सेटच्या दुरुस्तीची पुस्तकं) बहुतेक सापडतात, त्यावरून तुमच्या सेटला ट्रान्सफॉर्मर आहे की नाही ते बघून सांगतो, तोपर्यंत प्लग लावू नका प्लीज.