तेलविहिरींचं सांडपाणी जमिनीत सोडल्यामुळे भूकंप होतात, हे खरं आहे का?

हो, होतात. सगळ्याच विहिरींमुळे नाही. तेलाबरोबर खारट पाणी वर येतं, बऱ्याचदा तेलापेक्षा कितीतरी जास्त. ते खोल खडकात परत दाबून सोडतात. तो दाब जुन्या भेगेपर्यंत पोचला की घट्ट बसलेले दोन्ही बाजूंचे खडक सैल होऊन सरकतात. अमेरिकेत ओक्लाहोमात ३ सप्टेंबर २०१६ ला पॉनीजवळ ५.८ चा धक्का बसला. पाणी सोडण्यावर मर्यादा आल्यावर धक्के कमी झाले. शिव्या मात्र फ्रॅकिंगलाच पडतात, म्हणजे तेल-वायू काढण्यासाठी जोरदार दाबाने पाणी सोडून खडक फोडण्याला!

आपल्याकडे कोल्हापुरात मांडणीवरची भांडी वाजली की पहिलं नाव कोयनेचं निघतं. तिथं तेलबिल काही नाही, पण धरणाचं पाणी आणि भूकंप यांचा संबंध १९६७ पासून अभ्यासला जातोय.