आईबाबांचा अमेरिकन नागरिकत्वाचा इंटरव्ह्यू आहे, सिव्हिक्सचा अभ्यास कसा करून घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की बाबा ६७ चे, आई ६२ च्या, ग्रीन कार्ड मिळून सहा वर्षं झालीत, अर्ज डिसेंबर २०२५ मध्ये भरलाय आणि सिव्हिक्सच्या, म्हणजे इथल्या इतिहास-नागरिकशास्त्राच्या, १२८ प्रश्नांची यादी बघितल्यापासून आई म्हणतायत की माझ्याकडून एवढं पाठांतर व्हायचं नाही. तर आईंना पाठांतर करायला लावूच नका. मी सातारा जिल्ह्यात बरीच वर्षं हायस्कूलला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं, आता मुलाकडे न्यू जर्सीत असते आणि इथल्या आपल्या ज्येष्ठ मंडळींचा हाच अभ्यास करून घेते, आणि माझं ठाम मत झालंय की आपल्याकडे आयुष्यभर मतदान केलेल्या, रोज सकाळी पेपर वाचलेल्या माणसाला यातलं बरंच काही आधीच येत असतं, फक्त ते त्याला कुणी दाखवून दिलेलं नसतं.

आधी नियमांचं बघू, कारण त्यात गोंधळ फार. ६५ पूर्ण झाली की सोपी परीक्षा असते असं सगळेच सांगतात, पण ते अर्धवट आहे. वय ६५ आणि शिवाय ग्रीन कार्डवर २० वर्षं झाली असतील तरच २० प्रश्नांची छोटी यादी मिळते, त्यातले १० विचारतात आणि ६ यावे लागतात. दुभाष्या घेऊन मराठीतून परीक्षा द्यायची तर वय ५० आणि ग्रीन कार्डला २० वर्षं, नाहीतर वय ५५ आणि १५ वर्षं. तुमच्याकडे सहाच वर्षं झालीत, म्हणजे दोघांनाही इंग्रजीतून आणि पूर्ण यादीवरच द्यावी लागणार. अर्ज २० ऑक्टोबर २०२५ ला किंवा त्यानंतर भरला असेल तर नवी परीक्षा, त्यामुळे कुणी प्रेमाने १०० प्रश्नांचं जुनं पुस्तक दिलं तर ते बाजूला ठेवा आणि सरकारी वेबसाइटवरची १२८ ची यादीच घ्या, फुकट आहे. त्यातले जास्तीत जास्त २० विचारतात, १२ बरोबर आले की ऑफिसर तिथेच थांबतो, आणि ९ चुकले तरी थांबतो. सगळं तोंडी, पर्याय वगैरे काही नाही. शिवाय इंग्रजीचं एक वाक्य वाचायचं आणि एक लिहायचं, प्रत्येकी तीन संधी असतात, त्याची फार काळजी नको.

आता अभ्यास. यादी एक नंबरपासून क्रमाने घेऊ नका. बाबांना समोर बसवून विचारा, आपल्याकडे कायदे कोण करतं? संसद. सभागृहं किती? दोन. इथेही दोनच, लोकसभेच्या जागी हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्ज, राज्यसभेच्या जागी सिनेट, आणि दोन्ही मिळून काँग्रेस, जी इथे पक्ष नाही हे पहिल्याच दिवशी पक्कं करून टाका. राज्यसभेच्या खासदाराची मुदत ६ वर्षं, सिनेटरचीही ६. दर दोन वर्षांनी साधारण एकतृतीयांश जागांसाठी निवडणूक, दोन्हीकडे. आपले उपराष्ट्रपती राज्यसभेचे सभापती असतात, इथले व्हाइस प्रेसिडेंट सिनेटचे. १९१३ पर्यंत तर सिनेटरना राज्यांची विधिमंडळंच निवडून द्यायची, जसे आपले आमदार राज्यसभेवर माणसं पाठवतात, १७ व्या घटनादुरुस्तीनंतर लोक थेट मत द्यायला लागले. हे सगळंच विचारतील असं नाही, पण एवढं एकदा समजलं की ६ हा आकडा वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही.

मग फरक दाखवा, कारण खरी गंमत तिथेच आहे. राज्यसभेत गोव्याची जागा १, महाराष्ट्राच्या १९, उत्तर प्रदेशच्या ३१. इथे कॅलिफोर्नियासारख्या अवाढव्य राज्याला २ सिनेटर आणि वायोमिंग, ज्याची लोकसंख्या आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षाही कमी आहे, त्यालाही २. पन्नास राज्यं, म्हणून १००. असं का, तर १७८७ मध्ये घटना लिहिताना छोट्या राज्यांना भीती होती की मोठी राज्यं आपल्याला गिळून टाकतील, म्हणून तडजोड झाली की एका सभागृहात सगळे समान आणि दुसऱ्यात लोकसंख्येप्रमाणे. त्या दुसऱ्यात, म्हणजे हाऊसमध्ये, ४३५ जागा आहेत, कॅलिफोर्नियाच्या ५२, आमच्या न्यू जर्सीच्या १२, वायोमिंगची १. नव्या यादीत नेमका हाच प्रश्न आहे की प्रत्येक राज्याला दोन सिनेटर का, आणि हाऊसच्या सदस्यांची मुदत सिनेटरपेक्षा कमी का (त्यांनी लोकांच्या मताच्या जवळ राहावं म्हणून). असे ‘का’ वाले प्रश्न नव्या परीक्षेत वाढलेत आणि पोपटपंची केलेली माणसं तिथेच अडतात.

सगळ्यात जास्त वेळ प्रेसिडेंटवर द्या. आपल्या डोक्यात राष्ट्रपती म्हणजे सही करणारे आणि कारभार पंतप्रधानांचा असं घट्ट बसलेलं असतं, इथे पंतप्रधान हे पदच नाही, दोन्ही कामं एकाच माणसाकडे. आपल्याकडे मंत्र्याला सहा महिन्यांत खासदार व्हावंच लागतं, इथे उलटं, सिनेटरला मंत्री व्हायचं असेल तर सिनेटची जागा सोडावी लागते. काँग्रेसने केलेला कायदा प्रेसिडेंट नाकारू शकतो, पण दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर केला की त्याचं काही चालत नाही. प्रेसिडेंट आणि व्हाइस प्रेसिडेंट दोघेही नसतील तर हाऊसचे स्पीकर प्रेसिडेंट होतात. बाबांना १९६९ आठवत असेल तर सांगा, तेव्हा आपल्याकडे दोन्ही पदं रिकामी झाली आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला, जे आधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, ते काही आठवडे हंगामी राष्ट्रपती होते. आपल्याकडे सरन्यायाधीश, इथे स्पीकर. असं जोडून सांगितलेलं कुणी विसरत नाही, हा माझा अनुभव आहे.

कोर्टाचा भाग पटकन होतो, सुप्रीम कोर्टात ९ न्यायाधीश, आपले ६५ ला निवृत्त होतात, इथले तहहयात. मूलभूत हक्क तर आपल्या घरचेच, पहिल्या १० घटनादुरुस्त्यांना बिल ऑफ राइट्स म्हणतात, १७९१ च्या आहेत, आणि आपली घटना बनवताना मूलभूत हक्क आणि न्यायालयीन पुनर्विलोकन या दोन्हींसाठी अमेरिकेची घटना समोर होतीच. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले होते, म्हणजे जिथे तुमचे आईबाबा आज राहतायत त्याच देशात. आईंना हे जरूर सांगा, परका विषय वाटायचा बंद होतो.

इतिहासाच्या सनावळ्यांसाठी माझी पद्धत अशी की प्रत्येक साल आपल्या इतिहासाला बांधून टाकायचं. ४ जुलै १७७६ चं स्वातंत्र्याचं घोषणापत्र, त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्रजांशी पुरंदरचा तह झाला होता, बारभाईंचा कारभार, नाना फडणवीस, सवाई माधवराव अगदी लहान. म्हणजे एकाच वेळी इंग्रज तिकडे वॉशिंग्टनशी आणि इकडे मराठ्यांशी झगडत होते. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्याच्या फौजेने शरणागती पत्करली तो लॉर्ड कॉर्नवॉलिस, तोच पुढे १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि टिपूविरुद्ध मराठ्यांना बरोबर घेऊन लढला. १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा प्रदेश विकत घेतला, त्याच वर्षी असईची लढाई. १८५७ नंतर चार वर्षांनी इथलं यादवी युद्ध सुरू झालं, १८६१ ते १८६५, लिंकन, गुलामगिरी संपली, आणि १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी आपलं पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जन लोकांना अर्पण केलं. बायकांना मतदानाचा हक्क देणारी १९ वी दुरुस्ती मंजूर झाली ऑगस्ट १९२० मध्ये, टिळक गेले तोच महिना. शाळेत इतिहास आवडायचा अशा माणसाला हे इतकं पटकन बसतं की पुढच्या वेळी तो मलाच विचारतो, अमक्या साली आपल्याकडे काय चाललं होतं.

आता तोंडी तयारी, जिच्याकडे मुलं हमखास दुर्लक्ष करतात. तुम्ही मराठीत विचारून मराठीत उत्तर घेतलंत तर समजलंय की नाही ते कळेल, पण ऑफिसर इंग्रजीत, त्याच्या लहेजात आणि त्याच्या वेगाने विचारणार आहे. म्हणून आधी मराठीत समजावून द्या, मग तोच प्रश्न इंग्रजीत, आणि रोज वेगवेगळ्या माणसाच्या तोंडून, कधी तुम्ही, कधी नातवंडं. नातवंडांचा उच्चार इथलाच असतो, त्यांना कामाला लावा, त्यांनाही आजी-आजोबांना शिकवायला आवडतं. उत्तर एका शब्दाचं चालत असेल तर एकच शब्द, ‘एक सांगा’ म्हटलं की एकच सांगायचं. बाबा मंडळींना सगळं येतंय हे दाखवायची हौस असते आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्यात काहीतरी भलतंच बोलून जातात. प्रश्न कळला नाही तर पुन्हा सांगा म्हणायला काहीच हरकत नसते, आईंना हे इंग्रजी वाक्य पहिल्या दिवशीच शिकवा, अर्धी भीती तिथेच जाते.

माझ्या मते सिव्हिक्सपेक्षाही जपायची गोष्ट म्हणजे अर्जातले हो-नाहीचे प्रश्न. ऑफिसर एन-४०० फॉर्म पुढे घेऊन एकेक विचारत जातो, कधी अमेरिकेच्या निवडणुकीत मत दिलंय का, कधी आपण अमेरिकन नागरिक आहोत असं कुठे सांगितलंय का, कधी अटक झालीये का. आपली वयस्कर माणसं समोरच्याचा मान ठेवायचा म्हणून न कळता येस येस म्हणत जातात आणि इथे चुकीचा ‘हो’ फार महागात पडू शकतो. नुसती मान हलवूनही चालत नाही, आपली मान हलवणं इथल्या लोकांना कळत नाही, तोंडाने स्पष्ट येस किंवा नो. मधूनच ऑफिसर एखाद्या शब्दाचा अर्थही विचारतो, तेव्हा फॉर्ममधल्या प्रत्येक प्रश्नाचा अर्थ मराठीत नीट समजावून, मग सोप्या इंग्रजीत सांगायला शिकवा. रोजच्या अभ्यासातला निम्मा वेळ यालाच द्या म्हटलं तरी चालेल.

प्रेसिडेंट, व्हाइस प्रेसिडेंट, स्पीकर, तुमच्या राज्याचे गव्हर्नर, एक सिनेटर आणि तुमच्या मतदारसंघाचा प्रतिनिधी, ही नावं निवडणुकीनंतर बदलतात, ती इंटरव्ह्यूच्या आठवड्यात पुन्हा बघून घ्या. आणि पहिल्या खेपेला जो भाग राहिला तेवढ्याचीच ६० ते ९० दिवसांत पुन्हा संधी मिळते, हे आईंना आजच सांगा, इंटरव्ह्यूच्या दिवशी नाही.

एक गोष्ट परीक्षेत नाही पण मी सगळ्यांना सांगते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद नावाच्या माणसाने, जो पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, नागरिकत्वासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत लढा दिला आणि तो गोरा नाही म्हणून कोर्टाने नकार दिला, इतकंच नाही तर आधी मिळालेल्या कित्येक भारतीयांचंही नागरिकत्व त्यानंतर काढून घेतलं. कायदा बदलायला १९४६ उजाडलं. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९५६ मध्ये, दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर निवडून आले, आणि २०२२ मध्ये आपले बेळगावचे श्री ठाणेदार मिशिगनमधून. मतदानाचा हक्क कुणाकुणाला किती उशिरा मिळाला हे कळलं की बाबा लोक सरळ होऊन बसतात, अभ्यासाला वेगळाच जोर येतो.

शेवटचं, अर्ज भरलाय तरी हे बोलून घ्या. अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली की आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारताचं नागरिकत्व जातं, भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि मग ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड काढायचं. ओसीआयवर भारतात मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने आलेली ठेवता येते. बाबांच्या मनात गावाकडे अजून एखादा तुकडा घ्यायचा विचार असेल, किंवा सातबाऱ्यावर नाव लावायचं राहिलं असेल, तर ते शपथेच्या आधी भावकीशी बोलून मार्गी लावा आणि खरेदीखताचे कागद एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवून घ्या.