दलीपसिंग सौंद यांना मतं दिली कोणी?

प्रश्न: नमस्कार. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये आता भारतीय वंशाचे बरेच खासदार आहेत, पण पहिले दलीपसिंग सौंद होते आणि ते १९५६ मध्येच निवडून आले असं वाचलं. तेव्हा तिकडे आपली माणसं होतीच किती? मग मतं कोणी दिली? आणि खासदार व्हायला नागरिकत्व मिळून सात वर्षं व्हावी लागतात ना, ते कसं जमलं?

उत्तर: नेमकं विचारलंत. मतं दिली ती तिथल्याच लोकांनी, म्हणजे बहुतेक गोऱ्या मतदारांनी, आणि तेही दक्षिण कॅलिफोर्नियाच्या रिपब्लिकन वळणाच्या भागात, सौंद डेमोक्रॅट असताना. पण त्यासाठी आधीची तीस वर्षं बघायला हवीत.

सौंद अमृतसरजवळच्या छज्जलवडी गावचे. १९२० ला कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात शिकायला गेले, १९२४ ला गणितात पीएचडी केली आणि मग दक्षिण कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल व्हॅली या शेतीच्या भागात कापूस वेचणाऱ्या मजुरांवर मुकादम म्हणून लागले, कारण भारतीय माणसाला शिक्षणाला साजेशी नोकरी देणार कोण? त्यात १९२३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं नागरिकत्व मागणारे भारतीय भगतसिंग थिंड यांच्या केसमध्ये सांगून टाकलं होतं की भारतीय लोक कायद्यानं 'गोरे' नाहीत, म्हणजे नागरिकत्व नाही, आणि ज्याला नागरिक होता येत नाही त्याला कॅलिफोर्नियात शेतजमीनही नावावर घेता येत नव्हती. तरी माणूस शेतीच करत राहिला. मंदीत कर्ज झालं तर दिवाळं काढून मोकळे नाही झाले, हळूहळू करत सगळं फेडलं. मला वाटतं त्यांची खरी मतं इथेच तयार झाली, शेतकऱ्यांच्या भागात असली गोष्ट लोक विसरत नाहीत.

दुसरीकडे कायदा बदलायची खटपट चालूच होती. १९४२ ला त्यांनी इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिका काढली, बऱ्याच जणांनी मिळून पाठपुरावा केला आणि १९४६ ला ल्यूस-सेलर कायदा झाला, त्यानं भारतीयांना नागरिक व्हायची वाट मोकळी झाली. सौंद नागरिक झाले डिसेंबर १९४९ मध्ये.

लगेच १९५० ला वेस्टमोरलंड गावात लोकल न्यायाधीशाची निवडणूक लढवली, जिंकलेसुद्धा, पण नागरिकत्वाला एक वर्ष झालं नव्हतं म्हणून पद दिलंच नाही! १९५२ ला परत उभे राहिले. प्रचारात एकानं टोमणा मारला की तुम्ही जज झालात तर कोर्टात यायला पगड्या तुम्ही पुरवणार का आम्ही विकत आणायच्या? सौंद म्हणाले, डोक्यावर काय आहे याच्याशी मला देणंघेणं नाही, डोक्यात काय आहे ते मी बघतो. परत जिंकले आणि मग गावातल्या जुगाराच्या अन् वेश्याव्यवसायाच्या अड्ड्यांवर कडक कारवाई केली. हे छोटंसं पद मला त्यांच्या खासदारकीइतकंच मोठं वाटतं.

१९५६ ला समोर होत्या जॅकलिन कॉक्रन, आवाजापेक्षा जास्त वेगानं विमान उडवणारी पहिली महिला, पैसा आणि नाव दोन्ही भरपूर. सौंद यांच्या घरचे सगळे दारोदार फिरले, मतदार नोंदणी केली. निकाल थोडक्यात लागला, पण लागला सौंद यांच्या बाजूनं.

आता सात वर्षांचं. पक्षातल्याच प्रतिस्पर्ध्यानं हाच मुद्दा कोर्टात नेला होता, पण काही झालं नाही, कारण अट बघतात ती सभागृहात बसताना. डिसेंबर १९४९ ते जानेवारी १९५७, बसली बरोबर.

पहिल्याच टर्ममध्ये परराष्ट्र व्यवहार समिती मिळाली, १९५७ च्या नागरी हक्क कायद्याच्या बाजूनं मत दिलं, भारतात येऊन संसदेच्या संयुक्त बैठकीत भाषणही केलं. १९५८ आणि १९६० ला परत निवडून आले. १९६२ ला पक्षाघात झाला आणि वाचा गेली, तरी त्यांचं नाव मतपत्रिकेवर होतं आणि घरच्यांनी त्यांच्या वतीनं प्रचार केला. ती एक निवडणूक मात्र ते हरले.