‘खात्री हवी’ आणि ‘खात्री हवीच’

‘एकेक लस तपासली असेल हो, पण पाच एकत्र केल्यावर ते मिश्रण कोणी तपासतं का?’ तान्ह्या बाळांच्या आया हे इतक्यांदा विचारतात, की एकदा लिहूनच टाकते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यांतलीच ही एक आई पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा, दुसरा डोस पुढे ढकलत होती. पहिल्या डोसनंतर बाळ तापलं, दोन दिवस नीट प्यायलं नाही. तेव्हापासून रात्र रात्र मोबाइलवर वाचन.

अशा वेळी नुसतं ‘तुमची काळजी समजते’ म्हणणं मला पटत नाही. प्रश्न विचारलाय, तर आधी उत्तर द्यावं. मी दिलं: घटक सुटे तपासतातच, पण तयार मिश्रणाच्याही चाचण्या होतात. त्यात जंतू वाढतात का, हे 14 दिवस पाहतात. बॅच बाहेर पडण्याआधी सरकारी नियंत्रण यंत्रणा तिच्या नोंदी तपासते.

‘ते ठीक आहे. पण शंभर टक्के खात्री कुठेय?’

समुपदेशनात मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी. ‘खात्री हवी’ ही इच्छा, ‘हवीच’ हा हट्ट, आणि झोप उडवतो तो हट्ट. पण हे आईला तोंडावर ऐकवलं की ती उठून जाते. म्हणून मी उंदरांकडे वळले. या मिश्रणातला डांग्या खोकल्याचा पूर्णपेशी घटक (म्हणजे अख्खे, मारलेले जिवाणू) उंदरांना टोचतात आणि त्यांचं वजन करतात. तिसऱ्या दिवशी वजन निदान पूर्वीइतकं भरायला हवं. सातव्या दिवशी, लस न टोचलेल्या उंदरांचं वजन जेवढं वाढलं, त्याच्या किमान 60 टक्के तरी यांचं वाढलेलं हवं.

ती थांबली. ‘म्हणजे मधले दोन दिवस उंदराचं वजन उतरलं तर चालतं?’

‘चालतं.’

‘आणि मी बाळाला दोन दिवसही देत नव्हते!’ ती हसली, मग बराच वेळ रडली. मी मध्ये बोलले नाही. अनुभवाने एवढं कळतं मला. प्रयोगशाळा ‘काहीच होणार नाही’ असं वचन मागत नाही, काय चालेल याची मर्यादा आखते. तिलाही तेवढंच हवं होतं.

मग आम्ही तिची मर्यादा कागदावर उतरवली, डॉक्टरांना दाखवून. सौम्य ताप, टोचलेल्या जागी सूज, किरकिर: अपेक्षित. तीन तासांहून जास्त सलग रडणं, झटके, बाळ मलूल होऊन प्रतिसाद न देणं, श्वासाला त्रास: लगेच डॉक्टर. मला फोन नको, मोबाइलवर शोधाशोध तर नकोच.

दुसरा डोस झाला. ताप आला, उतरला. तिसऱ्याची तारीख तिनेच घेतली.